सत्त्याण्णवावं मिनिट

मी चिठ्ठ्या चिकटवल्या त्या लोकांचं भलं व्हावं म्हणून. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या नंदानगरात निम्मे लोक मला पक्का व्यापारी समजतात आणि उरलेले निम्मे विकृत. मी दोन्ही नाही. मी टाइमकीपर आहे. म्हणजे होतो. मिलच्या गेटावर सव्वीस वर्षं बसून कोण किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर आला, हे मी लिहीत असे. ब्याण्णव साली मिल बंद झाली तेव्हा सगळे बाहेर आले, ती नोंद करून मीही बाहेर आलो, आणि सहा महिन्यांनी आमच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ लायब्ररी निघाली.

नाव मी ठेवलं, 'सुसंस्कार व्हिडिओ'. परवान्यासाठी ज्या ऑफिसात गेलो त्याचं नाव घेत नाही, तिथे अजून काम पडतं. तिथल्या फॉर्मवर व्यवसायाच्या पुढे चारच पर्याय होते: सिनेमागृह, सर्कस, नौटंकी आणि झूला. व्हिडिओ लायब्ररी कुठे बसवायची यावर तिथे तीन टेबलं विचार करत होती. शेवटी मोठे बाबू म्हणाले, "देखो भिया, सर्कस लिखूँगा तो शेर का कागज लगेगा. झूला लिख देता हूँ." तेव्हापासून मी, शरदचंद्र मोघे, बी.कॉम., सरकारदरबारी जत्रेतला एक पाळणा आहे. वर्षातून एकदा एक साहेब येऊन पाळण्याचे नटबोल्ट घट्ट आहेत का ते विचारून जातात, आणि मी आहेत म्हणून सही करतो.

पहिले दोन महिने सुसंस्कार व्हिडिओत फक्त सुसंस्कार होते. भक्तिपट, कौटुंबिक, एकत्र बसून पाहावेत असे. एकत्र बसून ते आम्हीच पाहिले. गिऱ्हाईक म्हणून शेजारचे जयसिंगराव तेवढे येत. त्यांचे पणजोबा इथल्या होळकरांच्या फौजेत होते आणि त्या नोकरीचा रुबाब जयसिंगराव अजून वापरतात. ते कॅसेट नेत नसत, सल्ला देऊन जात. "शरदराव, धंद्यात दरारा पाहिजे. तुमच्या दुकानात येऊन माणसाला झोप येते."

मिल गेल्यावर घरात येणारं काही उरलं नव्हतं. दुकान चाललं तर चूल चालणार होती. हे मला कळत होतं, पण माझ्या मिसेसला, अंबिकेला, ते जास्त लवकर कळलं. पलासियाला एक व्हिडिओवाला दुकान बंद करत होता, कारण तिकडच्या बंगल्यांवर डिश लागल्या होत्या. ती टेम्पोतून गेली आणि एक पोतं घेऊन आली. पोत्यात बावीस कॅसेटी. एकूण एक सूडाच्या. अन्याय झालेली बाई मरते, मग परत येते आणि अन्याय करणाऱ्यांना एकेक करून संपवते. कोणाला विहिरीत, कोणाला आरशातून हात काढून. दोनचार सिनेमांत बाईऐवजी मांजर होतं, पण हिशोब तोच.

"हे माझ्या दुकानात चालणार नाही," मी म्हणालो.

"बरं," अंबिका म्हणाली, आणि दुपारी दोन वाजता गल्लीतल्या सात बायकांना बोलावून तिने पहिली कॅसेट लावली. मी आतल्या खोलीत पेपर डोळ्यांपुढे धरून बसलो. बाहेरून किंकाळ्या येत होत्या आणि त्यावर बायकांचं समाधानाने हुंकारणं. एक बाई मटार सोलत म्हणत होती, "अच्छा किया. और एक मार."

संध्याकाळी मी विषय काढला. सुशिक्षित घरातल्या बाईला यात काय आवडतं, असं अगदी शांतपणे विचारलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "अहो, दोन तासांत निकाल लागतो. तुमची लेबर कोर्टातली केस किती दिवस झाले चालू आहे? तिथे नुसत्या तारखा. इथे डायन तारीख देत नाही."



तेव्हा मी माघार घेतली, पण तत्त्व सोडलं नाही. लायब्ररीत या कॅसेटी ठेवायच्या असतील तर सभ्य कुटुंबांना आधी सूचना मिळाली पाहिजे, असं मी जाहीर केलं. मिलचं स्टॉपवॉच माझ्याजवळ होतं. जमा करायला गेलो तेव्हा घ्यायलाच कोणी उरलं नव्हतं. मी एकेक कॅसेट लावली, हातात स्टॉपवॉच घेतलं, आणि जे जे मुलाबाळांसमोर पाहण्यासारखं नाही त्याची वेळ टिपली. मग गेटावर लिहायचो त्याच अक्षरात चिठ्ठी करून कव्हरावर डकवली. 'डायन साँचा नंबर तेरह' (साँचा म्हणजे आमच्याकडे मिलचा माग, लूम) या सिनेमाची चिठ्ठी नमुन्यादाखल देतो. मिनिट १८: गरीब मुलीचा खून. मिनिट २९: मुनीमजी, विहिरीत. मिनिट ५४: अंघोळ, कथेला अनावश्यक. मिनिट ७१: इन्स्पेक्टर, मान उलटी. मिनिट ९७ ते १०१: मालक, चालू लूममध्ये. मिनिट १०४: देवीची आरती, अवश्य पाहावी. खाली तळटीप: वरील ठिकाणी कृपया कॅसेट पुढे ढकलावी.

लोकांनी ढकलली. फक्त ढकलून ते नेमके त्याच मिनिटांवर थांबले.

आठ दिवसांत खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याला दिवसभर काम शोधून थकल्यावर दोन तास गाणी आणि विनोद सोसायची ताकद नव्हती, तो माझी चिठ्ठी बघून सरळ मुनीमजीवर पोचत होता. देपालपूरचा एक धान्याचा व्यापारी बसने आला आणि म्हणाला, "भिया, वो टाइम वाली कैसेट यहीं मिलती है?" मी त्याला चिठ्ठीचा नैतिक हेतू समजावून सांगितला. तो सगळं ऐकून म्हणाला, "बहुत अच्छी सेवा है. चार दे दो." एका गिऱ्हाइकाने तर तक्रार केली की मुनीमजी एकोणतीसला लिहिलाय आणि मेला तिसाव्या मिनिटाला. सव्वीस वर्षांत माझ्या वेळेवर कोणी बोट ठेवलं नव्हतं. मी रात्रभर तळमळलो. सकाळी त्याच्या घरी जाऊन तपासलं तर त्याचा व्हीसीआर हळू चालत होता. तसं मी त्याच्याकडून लिहून घेतलं.

सांगायचं एवढंच की घर चालू लागलं. वाण्याकडे मान वर करून जाता यायला लागलं. देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो की डायनीचं नाव ओठावर येई. ते मी गिळत असे, पण कृतज्ञता गिळता येत नाही. तिने आमची चूल पेटती ठेवली, हे खरं ते खरं.

आणि मग मारुती येऊ लागला.

मारुती आमच्या मिलच्या विणाई खात्यातला जॉबर. जॉबर म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा, तीस-तीस लूमचा मालक. गेटावर रोज मिनिटाच्या ठोक्याला येणारा हा एकच माणूस, म्हणून माझा त्याच्यावर जीव. मिल बंद झाल्यापासून तो फारसा दिसत नव्हता. त्याच्याकडे टीव्ही नाही. तो रोज अकराला यायचा, गिऱ्हाईक नसताना कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा आणि म्हणायचा, "मोघेबाबू, तेरह नंबर लावा. सत्त्याण्णव मिनिट."

मी लावायचो. हसतमुख मालक चालू लूममध्ये ओढला जायचा, चार मिनिटं त्याचं व्हायचं ते व्हायचं, आणि मारुती म्हणायचा, "परत लावा." असं चार वेळा. मग नमस्कार करून जायचा. एकदा मी काउंटरवरून वळून पाहिलं. मारुतीचे डोळे मिटलेले होते. मुठी गुडघ्यावर आवळलेल्या. ओठ हलत होते. शपथ घेणारा माणूस याहून वेगळा दिसत नाही.

"मोघेबाबू, आवाज वाढवा थोडा," तो डोळे न उघडता म्हणाला.

अठरा दिवस हे चाललं. गल्लीतल्या लोकांना मालकाचं ओरडणं पाठ झालं. आणि एकोणिसाव्या दिवशी बातमी आली की येत्या सोमवारी आमचे जुने मॅनेजरसाहेब मिलमध्ये येणार आहेत. बाहेरगावच्या पार्ट्यांना लूम दाखवून विकायचे होते. हेच ते मॅनेजरसाहेब, ज्यांनी गेटावर कुलूप घालून, 'हे तात्पुरतं आहे' असं अठराशे माणसांना सांगितलं होतं आणि त्याच संध्याकाळी विमानाने निघून गेले होते.

त्या दिवशी मारुती आला तो हातात पाना घेऊन. हात-दीड हात लांब. स्टुलावर बसून तो पान्याला तेल लावत होता.

"सोमवारी येणार नाही मी," तो म्हणाला. "मिलमध्ये जायचंय. साहेबाशी काम आहे."

एका माणसाचा खून होणार होता, आणि तो माझ्या हस्ताक्षरातल्या सूचनेप्रमाणे होणार होता.

मी जयसिंगरावांकडे धावलो. त्यांनी सगळं डोळे अर्धे मिटून ऐकलं. "सूड ही फार वरच्या दर्जाची गोष्ट आहे, शरदराव," ते म्हणाले. "आमच्यात होती. पण त्याला घोडा लागतो. पायी जाऊन सूड घेणं बरं दिसत नाही." तरी मित्राचा प्रश्न म्हणून ते सोमवारी सोबत यायला तयार झाले.

अंबिकेलाही सांगितलं. ती म्हणाली, "मग सरळ विचारा ना त्याला. दादा, काय काम आहे साहेबाशी, असं."

आता हे असं विचारता येतं का? एखाद्याला तोंडावर, की बाबा, तू खून करणार आहेस का? त्याला काय वाटेल? सव्वीस वर्षांची ओळख आहे. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी अब्रू वाचली असती आणि एक आख्खा सोमवारही वाचला असता, पण मी सभ्य घरातला माणूस आहे.

सोमवारी सकाळी नऊला मारुतीच्या घरी गेलो तर कुलूप. पाना घेऊन केव्हाच गेला, असं शेजारणीने सांगितलं. मी तेरह नंबरची कॅसेट पिशवीत टाकली. साहेबांना नुसतं तोंडी सांगून ते विश्वास ठेवणार नाहीत. काय प्रकारे मारणार हे पुराव्यासकट दाखवावं, असा माझा हेतू. जयसिंगराव फेटा बांधून आले. त्यांच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. "छत्री आहे?" मी विचारलं. "समजा," ते म्हणाले.

मिलच्या गेटावर त्या दिवशी पोलीस बंदोबस्त होता. बंदोबस्त म्हणजे एक हवालदार आणि एक खुर्ची. ज्या गेटावर मी सव्वीस वर्षं लोकांना आत सोडलं, तिथे मला अडवण्यात आलं. मी भारदस्त आवाजात म्हणालो, "मला ताबडतोब मॅनेजरसाहेबांना भेटायचंय. खुनाचा मामला आहे."

हे वाक्य मी जरा वेगळं बोलायला हवं होतं. हवालदाराने आधी मला पाहिलं, मग जयसिंगरावांच्या काखेकडे पाहिलं, मग चादर ओढली. पणजोबांची तलवार सिमेंटवर वाजत पडली. ती म्यानातून निघाली नाही, गेल्या साठ वर्षांत ती कधीच निघालेली नाही, पण हे ऐकून घ्यायला कोणी तयार नव्हतं. गडबड ऐकून मॅनेजरसाहेब स्वतः ऑफिसच्या पायऱ्या उतरून आले. सोबत दोन पार्ट्या. साहेब तेच, तसाच टाय, केस तेवढे पांढरे झालेले.

"थैले में क्या है?" हवालदाराने विचारलं आणि कॅसेट काढली. मग त्याने माझी चिठ्ठी मोठ्याने वाचली. सावकाश, एकेक शब्द. "मिनिट सत्तानवे से एक सौ एक. मालिक. चालू लूम में." पुढे विचारलं, "ये किसकी लिखाई है?"

"माझी," मी म्हणालो. खोटं बोलायची सवय नाही.

मॅनेजरसाहेब दोन पायऱ्या परत चढले. एक पार्टी घड्याळ पाहू लागली. मी खुलासा करत होतो की मी वाचवायला आलोय, आणि जितका खुलासा करावा तितका मी जास्त भयंकर दिसत होतो. सव्वीस वर्षांत एकही लेट मार्क नसलेला माणूस तलवारीसकट पकडला गेला होता. जयसिंगराव मात्र शांत उभे होते. असं त्यांना खूप वर्षांत कोणी घाबरलं नव्हतं.

मला वाचवलं ते हवालदाराने. कव्हर उलटंपालटं करून पाहताना त्याचा चेहरा एकदम उजळला. "अरे भिया, ये तो टाइम वाली है. मेरी घरवाली एक महीने से माँग रही है. शाम को जब जाओ तब बाहर गई हुई." मग तो साहेबांकडे वळून म्हणाला, "कुछ नहीं साब, लाइब्रेरी वाले हैं. अच्छे आदमी हैं." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्याच्या घरी आता दर रविवारी एक कॅसेट जाते आणि मी ती स्वतः नेऊन देतो.

"पण साहेब, तो मारुती," मी म्हणालो.

"मारुती अंदर है," साहेब वैतागून म्हणाले. "मैंने ही बुलाया है. पार्टी को एक लूम चला के दिखाना है. और किसी को आता नहीं."

आम्ही सगळे विणाई खात्यात गेलो. साडेतीनशे लूम धुळीखाली उभे होते, आणि मधोमध एका लूमपाशी मारुती पाना घेऊन वाकला होता. त्याने मान वर करून मला पाहिलं आणि आनंदाने हसला. "बरं झालं आलात, मोघेबाबू. तुमच्या कॅसेटीने काम झालं."

"कसलं काम?" मी विचारलं.

"दोन साल लूम ऐकला नाही. साहेबाने निरोप धाडला तेव्हा घबराट झाली. हात विसरला असेल, कान विसरला असेल. मग ध्यान आलं, सत्त्याण्णव मिनिटाला खरा लूम चालतोय. ताणा चढवलेला, भरलेला. डोळे बंद करून ठोके गिनत बसायचो. तो मालक मधे मधे ओरडतो, त्याचा त्रास होतो थोडा. बाकी आवाज एकदम असली आहे."

म्हणजे हा अठरा दिवस शपथ घेत नव्हता. ठोके मोजत होता.

मारुतीने पट्टा टाकला. लूम एकदा अडला, दोनदा अडला, आणि मग चालू झाला. धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे. एवढ्या मोठ्या खात्यात एकच लूम, पण तो आवाज छपरापर्यंत भरला. मी गेटावरचा माणूस, हा आवाज मी रोज भिंतीपलीकडून ऐकायचो आणि त्याला गोंगाट म्हणायचो. पार्ट्या पुढे सरकल्या. मॅनेजरसाहेब माहिती द्यायच्या भरात लूमवर वाकले. त्यांचा टाय पुढे लोंबला, हलत्या फणीवर, दोन बोटांच्या अंतरावर.

मारुतीचा हात साहेबांच्या कॉलरवर पडला.

मी डोळे मिटले. खरं सांगतो, मिटण्याआधी एक क्षण मी थांबलो. ते गेटावरचं कुलूप आठवलं, अठराशे माणसांना दिलेलं 'तात्पुरतं' आठवलं, आणि मी, बी.कॉम., सुसंस्कारवाला, मनात म्हणालो, ओढ.

मारुतीने ओढलं. मागे. साहेब धडपडत दोन पावलं मागे आले आणि लूमने रिकाम्या हवेत फणी मारली.

"साहेब, टाय शर्टात खोसा," मारुती म्हणाला. "चालू लूमवर वाकू नये. नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो आम्ही."

साहेबांनी टाय खोसला. ते काहीतरी म्हणणार होते असं वाटलं, पण पार्टीने भाव विचारला आणि ते तिकडे वळले. मारुतीने लूम बंद केला, हात पुसले. त्या शांततेत मला स्वतःची फार लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की सांगता येत नाही. देवा, हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, एवढंच मनात आलं.

दुपारी तीनला तो दुकानात आला. मी न विचारता चहा मागवला. तो नेहमीच्या स्टुलावर बसला.

"तेरह नंबर लावा, मोघेबाबू."

"आता कशाला?" मी म्हणालो. "लूम तर विकले गेले. पार्टी पुढच्या आठवड्यात उचलणार म्हणतात."

"हो," तो म्हणाला. चहाचा घोट घेतला. "आतापर्यंत ऐकायचो नुसता. आज डोळे उघडे ठेवून पाहतो."

मी कॅसेट सत्त्याण्णवावर नेली. काउंटर सोडून दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्या शेजारी बसलो, आयुष्यात पहिल्यांदा, स्टॉपवॉच न घेता. आतून अंबिका हात पुसत आली आणि दारात उभी राहिली. लूम चालू झाला. मालक हसत हसत वाकला, त्याचा टाय लोंबला, आणि त्याच्या कॉलरवर मागून कोणाचाही हात पडला नाही. चार मिनिटं आम्ही तिघं पाहत राहिलो. ज्या कोणी हा भिकार सिनेमा काढला त्याचे मी मनापासून आभार मानले.

मारुतीने रिकामा ग्लास खाली ठेवला. त्याला इतक्या मोकळेपणी हसताना मी मिलमध्येसुद्धा पाहिलं नव्हतं.

"परत लावू?" मी विचारलं.

"लावा."